वारेवाल्याची बहीण

हरीकाकांनी आयुष्यात एकही पिक्चर शेवटपर्यंत दाखवला नाही, असं आमच्याकडे गमतीनं म्हणत. एक अपवाद वगळता ते खरं आहे. त्यांनी एकही पिक्चर अर्धा सोडला नाही, हेही तितकंच खरं. एकाच माणसाबद्दल या दोन्ही गोष्टी कशा खऱ्या, ते सांगायला बसले आहे.

मुरबाडला बाजाराच्या दिवशी भातगिरणीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काकांचा व्हिडिओ लागायचा. शहापूरचा बाजार असेल त्या दिवशी शहापूरला. टीव्ही दोन्हीकडे ठेवलेला असे. व्हीसीआर मात्र काका गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं नेत-आणत. शेजारचा माणूस विचारायचा, "काय, कोंबडा काय?"

"हां," काका म्हणायचे, "पण दुपारचा आरवतो."

काका स्वतः पूर्वी एसटीत कंडक्टर होते. मणक्याच्या दुखण्यानं नोकरी सुटली, कंडक्टरकी सुटली नाही. खाकी पँट तशीच, कानावर पेन्सिल तशीच. शेडमध्ये टीव्हीच्या वर त्यांनी एक पितळी घंटा टांगली होती, तिची दोरी दारापर्यंत आणली होती. बाजार आटोपून माणसं आत येऊ लागली की काका दारात उभे राहून ओरडत, "पुढं सरका, पुढं जागा हाय! टोपल्या बाहेर, पोरं मांडीवर! ओ दादा, खांबाला काय टेकता, खांब काय पडतोय?" सगळे गोणपाटावर बसले की दोरी दोनदा ओढायची. टण-टण. डबल म्हणजे चला. पिक्चर सुरू.

आणि माळशेज रोडची संध्याकाळची गाडी स्टँडला लागायची वेळ झाली की दोरी एकदाच. टण. सिंगल म्हणजे थांबा. पडद्यावर काय चाललंय याच्याशी त्या घंटेला कर्तव्य नसे. हिरो दरीत लोंबकळत असू दे, हिरोइनीच्या गळ्याला सुरी लागलेली असू दे, बटण बंद. बाजाराला आलेल्या निम्म्या बाया वैशाखऱ्याच्या आणि त्याच्याही पुढच्या पाड्यांवरच्या. ती गाडी चुकली तर पुढे सगळी वाट पायी, तीही जंगलाची. कुणी कुरकुर केली तर काका एवढंच म्हणत, "पिक्चर पुढच्या बाजाराला पण लागंल. गाडी आत्ता लागली."

मग उरलेला पिक्चर काका तोंडानं सांगत. शेडपासून स्टँडपर्यंत. हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कसं समजवायचं? बाया डोक्यावर रिकाम्या टोपल्या घेऊन भराभर चालताहेत, आणि त्यांच्या पुढे काका, त्यांच्याकडे तोंड करून, उलटे चालताहेत. हातवारे चाललेत. मधेच हिरो होतात, मधेच व्हिलन होतात. मागून सायकल आली तर बाया ओरडतात, "काका, मागं बघ!" काका न बघता बाजूला होतात आणि त्याच वाक्यात गोळी झाडतात. गाडीत सगळे चढले की काका खिडकीच्या दांड्याला धरून शेवट सांगायचे. ड्रायव्हर इंजिन चालू करून बसायचा, पण व्हिलन मेल्याशिवाय गिअर टाकायचा नाही. त्यालाही ऐकायचं असे.

आमचं घर किन्हवलीला, काकांच्या घराला लागून. मध्ये फक्त कुडाची भिंत. त्यामुळे त्यांच्या घरातलं बोलणंही आम्हाला पाठ. इंदूकाकी म्हणायच्या, "तिकडं मुरबाडात दोन फर्लांग तोंड चालतंय. हिकडं विचारलं, भात कसा झालाय, तर एक घंटा. टण!"

काकांचं एक तत्त्व होतं आणि त्या बाबतीत ते कुणाचंही ऐकत नसत. पिक्चर स्वतः पूर्ण बघितल्याशिवाय ते शेडमध्ये लावत नसत. नवीन मोठा पिक्चर असेल तर आधी कल्याणला थेटरात जाऊन बघायचा. "जे पिक्चरमध्ये नाय ते माझ्या तोंडात नाय," असं ते अभिमानानं सांगत. एकदा गिरणीच्या मालकानं सुचवलं, "हरीभाऊ, तो आई मरायचा सीन पुढं ढकलून दे की. बाया रडतात, मग माझ्याकडं भात भरडायला आल्या की हिशोब चुकवतात." काका म्हणाले, "शेठ, माझी कात्री गाडीच्या टायमाची. रडण्याची कात्री माझ्याकडं नाय."

उडणाऱ्या माणसांचे इंग्रजी पिक्चर हिंदीत डब होऊन यायला लागले तेव्हा काकांच्या शेडला खरा बहर आला. भाषा कळो न कळो, उडणारा माणूस कळतो. त्यातला एक आमच्या भागात फार चालला. त्यातल्या हिरोच्या हातात वारा असतो; तो म्हणेल तिकडे वारा वाहतो, आणि त्या वाऱ्यावर तो उडतो. पिक्चरचं नाव काहीतरी लांबलचक होतं, ते कुणी लक्षात ठेवलं नाही. आमच्यासाठी तो 'वारेवाला'.

गोष्ट अशी. वारेवाल्याचं गाव धरणाखाली. व्हिलन धरण फोडतो, आणि त्याच वेळी शहरात वारा चोरायचं यंत्र सुरू करतो. वारेवाला शहर वाचवायला जातो. इकडे गावात पाणी शिरतं, आणि त्याची धाकटी बहीण एकटी घराच्या छपरावर चढून त्याला हाका मारते. मग शहरातली मारामारी लागते ती लागतेच. व्हिलन मरतो, शहर वाचतं, वारेवाला उंच इमारतीवर उभा राहतो, मागे झगा फडफडतो, खेळ खलास. बहिणीचं पुढे काय झालं, ते पिक्चर विसरूनच जातो.

पिक्चर विसरला. तुळसाबाई विसरली नाही.

तुळसाबाई वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरची. बाजारात डिंक, कंद, पावसाळ्यात रानभाज्या विकायची. काळीसावळी, हडकुळी, बोलायला कमी. शेडमध्ये टोपली आत न्यायची मुभा फक्त तिला होती, कारण ती टोपली सोडायचीच नाही. तिचा एक धाकटा भाऊ होता. ट्रकवर क्लीनर म्हणून हायवेनं गेला आणि परत आला नाही. पत्र नाही, निरोप नाही, मेल्याची बातमीही नाही. भाऊबीजेला तुळसाबाई दारात पाट मांडून ठेवायची आणि संध्याकाळी उचलून आत घ्यायची. बाजारात सगळ्यांना हे माहीत होतं. तिच्यासमोर कुणी काढत नसे.

वारेवाला पहिल्यांदा लागला त्या दिवशी मी तिथेच होते. अकरावीला होते, आईबरोबर भाजी घेऊन आले होते. घंटा झाली, आम्ही स्टँडकडे निघालो, काकांनी उलटं चालत शहरातली मारामारी सांगून संपवली. गाडीत सगळे बसले. ड्रायव्हरनं गिअरला हात घातला.

तुळसाबाई खिडकीतून म्हणाली, "अन् ती पोर?"

"कोण पोर?" काका म्हणाले.

"वारेवाल्याची भईन. छपरावर व्हती. तिचा काय झाला?"

 चालू गाडीत उडी मारणारा माणूस, पण त्या वेळी त्यांचं पाऊल अडकलेलं मी पाहिलं. पिक्चर त्यांनी कल्याणला पूर्ण पाहिला होता. बहिणीचं काहीच नव्हतं त्यात.

"गेला ना तो," काका म्हणाले.

"कुठं?"

"तिच्याकडं. शहर वाचवलं अन् थेट तिच्याकडं. भाऊबीज होती त्या दिवशी. ती छपरावरच बसलेली, पाणी इथपर्यंत. त्यानं वारा सोडला, पाणी मागं सरकवलं, तिथंच छपरावर बसला. तिनं वढणीच्या पदरात दिवा झाकून धरलेला, वारा लागू नये म्हणून. तिनं ववाळला त्याला."

"दिवा इझला नाय?"

"वाराच त्याचा भाऊ, इझंल कसा?"

अख्ख्या गाडीतून हुंकार आला. तुळसाबाईनं विचारलं, "मंग टीवीत का नाय दावला?"

"कापला. आपल्याकडं कापून पाठवतात. फुल पिक्चरमध्ये हाय."

ड्रायव्हरनं गिअर टाकला. गाडी गेली. काका स्टँडवर तसेच उभे होते, दांडा धरल्यासारखा हात वर.

त्यानंतर वारेवाला किती वेळा लागला याची गणती नाही. दर वेळी बाया छपराचा सीन मागून घ्यायच्या. दर वेळी काका तो सांगायचे. पोरींना तर तो पिक्चरपेक्षा जास्त पाठ झाला. वारेवाला म्हणजे छपरावरची भाऊबीज, असंच आमच्या दोन तालुक्यांत ठरून गेलं.

मी बी.ए.ला कल्याणला गेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते मी कुणालाही सांगायला लाजत नाही. तिथे एकदा कँटीनमध्ये वारेवाल्याचा विषय निघाला. मी छपराचा सीन सांगितला. मुली हसून हसून लोळल्या. "अगं, अमेरिकेत भाऊबीज?" मला तोवर ते खटकलंच नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही पाहिलाय का फुल पिक्चर? नाही ना? मग हसू नका." आणि चहा संपवून उठले. पण सुट्टीत घरी आल्यावर पहिलं काम केलं ते काकांच्या ओटीवर जाऊन बसण्याचं.

"काका, तो सीन पिक्चरमध्ये नाही."

"थेटरातल्यात नाय," काका म्हणाले. व्हीसीआरचं झाकण उघडून ते फडक्यानं पुसत होते. "थेटरात पण कापूनच येतो गो, कालेजवाली. मला उल्हासनगरच्या क्यासेटवाल्यानं सांगितलाय. हे लोक शूटिंग चिक्कार करतात. मग बसून कापतात. थेटरवाल्याला दिवसातून इतके खेळ लावायचे असतात. त्याची पण गाडी असतेच."

"पण तुम्हाला कसं माहीत, त्यात तो सीन आहे म्हणून?"

त्यांनी फडकं थांबवलं. "नसंल कसा? भाऊ हाय तो. शहरातल्या कोण कुठल्या लोकांना उचलून उचलून वाचवतो अन् स्वतःच्या बहिणीकडं बघायला पण जाणार नाय? असा कोण पिक्चर काढील?"

 त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी त्या पिक्चर काढणाऱ्यांवर विश्वास टाकला होता.

मग काळ बदलला. सीडी आल्या, काकांच्या गोधडीत व्हीसीआरच्या जागी डीव्हीडी प्लेअर आला, घरोघरी केबल आली, गोणपाटावर बसणारी माणसं कमी झाली. मी बी.एड. करून शहापूरला शाळेत लागले. काका मला आता 'बाय' म्हणायचे, पूर्वीचं 'कालेजवाली' त्यांनी स्वतःहून बंद केलं. एक दिवस शहापूरच्या सीडीच्या दुकानातून ते थेट माझ्या शाळेत आले. हातात चपटी डबी.

"बाय, यावर इंग्लिशमध्ये काय लिहिलाय, वाच."

वारेवाल्याची डीव्हीडी होती. खाली लिहिलं होतं की ही वाढवलेली आवृत्ती आहे, चित्रपटगृहात न दाखवलेल्या प्रसंगांसह. मी मराठीत वाचून दाखवलं. काकांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं.

"आला," ते म्हणाले. "फुल आला!"

तिथेच त्यांची चूक झाली. डबी उघडायच्या आधीच ते सगळ्यांना सांगत सुटले. मुरबाडच्या बाजारात तुळसाबाईच्या टोपलीसमोर उकिडवे बसून म्हणाले, "पुढच्या बाजाराला तुझा सीन दाखवतो. डोळ्यानं बघ." तुळसाबाई हसली म्हणतात. तिला हसताना पाहिलेला माणूस मला तोवर भेटला नव्हता.

रविवारी दुपारी किन्हवलीला आम्ही तिघांनी ती डीव्हीडी पाहिली. काका, इंदूकाकी आणि मी. सुरुवातीला काका खुशीत होते. "बघ बघ, हा नवा. हा पण नवा!" थेटरातल्या पिक्चरमध्ये वारेवाला पहिल्याच उडीत आभाळात जायचा. यात तो आधी कौलावरून पडतो, कुंपणात पडतो, बहीण त्याच्या गुडघ्याला औषध लावते आणि हसते. काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "हे बरं केलं. थेटरवाल्यांनी त्याचं पडणंच कापला होता. पडल्याबिगर कोण शिकतो?" व्हिलनचं भाषण मात्र भलतंच लांबवलं होतं. तिथे काका म्हणाले, "ह्याला कापला ते बरोबर केला." प्रत्येक जादा सीनला ते असा निकाल देत होते.

शहर वाचलं. इमारतीवर झगा फडफडला. थेटरातला पिक्चर इथे संपायचा. हा पुढे गेला. काका टीव्हीच्या जवळ सरकले.

वारेवाला गावात उतरतो. पाणी ओसरलेलं, सगळीकडे गाळ. घर नाही, छप्पर नाही. एका वाकलेल्या झाडाच्या फांदीला बहिणीची ओढणी अडकलेली असते. तो ती काढून घेतो आणि गाळात गुडघे टेकतो. वारा थांबतो. पिक्चर संपतो.

 अंगणात कोंबड्या फिरत होत्या, त्यांचा आवाज येत होता. थेटरवाल्यांनी तो सीन वेळेसाठी नव्हे, लोक हिरमुसून घरी जाऊ नयेत म्हणून कापला असणार. फुल पिक्चर होता. त्यात बहीण होती. मेलेली.

"नका लावू," इंदूकाकी म्हणाल्या. "सांगा, डबी खराब निघाली."

काका डबी उलटीसुलटी करत राहिले.

"नायतर घंटा तुमच्याच हातात हाय ना? गावात उतरला की वाजवा. गाडीचा टायम झाला म्हणा. पुढचा तोंडानं सांगा, रोज सांगता तसा. कोण बघायला येतंय?"

खरं म्हणजे इतका साधा उपाय होता. मीही म्हटलं, "काका, काकी बरोबर बोलतायत."

काकांनी डीव्हीडी काढून डबीत घातली. "गाडीच्या टायमाला वाजवली ती घंटा," ते म्हणाले. "टायम नसताना वाजवली तर ती कसली घंटा, बाय?"

मुरबाडच्या बाजाराला मी रजा टाकून गेले. शेड पूर्वीसारखी भरली होती. केबलवाल्या घरातलेही आले होते. पास काढून रोज कल्याणला कंपनीत जाणारा संजा, तोही कामावर दांडी मारून हजर. पिक्चर लांब, म्हणून काकांनी बाजार उठायच्या आधीच खेळ ठेवला होता, म्हणजे गाडीच्या आधी पूर्ण संपेल. तुळसाबाई पुढे, टोपली मांडीवर.

काका दारातून पुढे आले. पुढं सरका, जागा हाय, काहीच ओरडले नाहीत.

"ऐका," ते म्हणाले. "मी छपराचा सीन सांगायचो. ओवाळायचा. तो यात नाय. तो मी माझ्या मनानं सांगितला होता. यात येगळा हाय, अन् वाईट हाय. ज्याला बघायचा नाय त्यानं आत्ताच उठून जावा."

 मग संजा म्हणाला, "काका, सस्पेन्स लावताय काय? चला, डबल मारा!" सगळे हसले. कुणीही उठलं नाही. मी तुळसाबाईकडे पाहिलं. तिनं टोपली थोडी जवळ ओढली, एवढंच.

टण-टण.

पिक्चर चालला. पडण्याच्या सीनला टाळ्या पडल्या, व्हिलनच्या भाषणाला बाया आपसात बोलू लागल्या. मी काकांच्या जवळ दाराशी उभी होते. शहर वाचलं तेव्हा त्यांनी घंटेची दोरी हातात घेतली. वारेवाला गावात उतरला. काकांच्या मुठीत दोरी ताणलेली मला दिसत होती. नुसता अंगठा हलला असता तरी वाजली असती. गाळ दिसला. झाड दिसलं. ओढणी दिसली. काकांनी दोरी वाजवली नाही.

वारेवाल्यानं गुडघे टेकले.

"थांबव," तुळसाबाई म्हणाली.

काकांनी दोरी एकदा ओढली. टण. मग रिमोट दाबला, आणि पडद्यावर वारेवाला ओढणी धरून तसाच राहिला.

"ह्या काय हाय त्याच्या हातात?"

"तिची वढणी."

"ती कुठं हाय?"

काका दोरी न सोडता म्हणाले, "पाण्यात गेली गो, बाय. ती नाय राहिली."

"कुनी पाह्यला?"

काकांनी पडद्याकडे पाहिलं.

"वढणी घावली," तुळसाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, बाजारात डिंकाचा भाव सांगते तशी ती बोलत होती. "पोर घावली काय? पोर कुठं दावली? नाय दावली. ह्यातून बी कापलाय."

"हा सगळ्यात लांबचा हाय, तुळसाबाई. याच्यापुढं नाय."

"तूच मागं बोललास, कापून पाठवतात. मंग हा तरी फुल कशावरनं?"

मागून एक बाई म्हणाली, "भाऊबीजेचाच कापला असंल. तेंच्यात दिवाळी नसते ना!"

"बराबर," दुसरी म्हणाली. "त्यांना काय कळणार?"

संजासुद्धा, रोज कल्याणला जाणारा संजा, म्हणाला, "हां काका, याच्या पण पुढं एक निघते बघा. हे लोक पैशासाठी दहा वेळा काढतात."

"अरे, मी सांगतो ना," काका जवळजवळ ओरडले, "मी मनानं केला होता तो सीन! मी!"

"तुमी मनानं कशाला कराल?" ती मागची बाई समजूत घालावी तशी म्हणाली. "पिक्चरमध्ये नाय ते तुमच्या तोंडात नसतंच."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली, इंग्रजी वाचणारी. मी तरी काही सांगावं असं त्यांना वाटलं असेल. मला काय सांगता येणार होतं? डबीवर काय छापलंय ते?

"लाव म्होरं," तुळसाबाई म्हणाली. टण-टण. उरलेली नावं पडद्यावरून सरकत गेली, इंग्रजीत, आणि संपली. हरीकाकांनी पहिल्यांदाच एक पिक्चर शेवटपर्यंत दाखवला होता. गाडीला अजून वेळ होता. तरी कुणी उठेना. मग कुणीतरी टोपली उचलली आणि सगळे सवयीनं स्टँडकडे निघाले. काका त्यांच्याबरोबर निघाले, पण त्या दिवशी ते सरळ चालत होते, रस्त्याकडे तोंड करून. तुळसाबाई मागून म्हणाली, "सांग की."

"काय सांगू? सगळा तर दाखवला."

"त्याच्या म्होरचा."

काका चालत राहिले. त्यानंतर तो सीन त्यांनी कधीच सांगितला नाही. कुणी मागितला तर म्हणत, "मला जेवढा ठावा व्हता तेवढा दाखवला." पुढे शेडही बंद झाली. घंटा त्यांनी घरी आणून ओटीवर टांगली. दोरी लावली नाही.

त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते एका संध्याकाळी. डोळे तपासायला मी त्यांना मुरबाडला नेलं होतं. परत येताना माळशेज रोडच्या गाडीत बसलो. सरळगावला उतरून किन्हवलीची शेवटची गाडी पकडायची होती. काका खिडकीशी, थकलेले, डोळ्यांत औषध घातलेलं. आमच्या पुढच्याच सीटवर तुळसाबाई होती. तिनं आम्हाला पाहिलं नव्हतं. शेजारी तिची नात. कुणाकडे तरी पोरीनं वारेवाल्याचा तो फुल पिक्चर पाहिला होता.

"आजे, ती मेली ना गो?" नातीनं विचारलं.

"कोन बोलला?"

"वढणी घावली झाडावर."

"वढणी घावली म्हंजे मेली काय? ती छपरावरच व्हती. दिवा धरून बसली व्हती."

मी काकांकडे पाहिलं. ते ताठ झाले होते.

"मंग वारेवाला आला काय?"

"आला."

"लगेच?"

"लगेच कसा येल? उशीर झाला त्याला. पूर येऊन गेलेला. बांधावरचा आंबा व्हता तो गेला, इहीर बुजली, देवाचा दगड व्हता तो बी गाळात. त्याला घरच वळखंना. या घरावर उतरं, त्या घरावर उतरं, लोकांना इचारं. तो फिरत व्हता. तिला वाटं, इसरला."

हा भाग काकांचा नव्हता. हा मीही कधी ऐकला नव्हता. काका पुढे वाकले. त्यांची कपाळपट्टी पुढच्या सीटच्या दांड्याला जवळजवळ टेकली.

"मंग कसा वळखला त्यानं?" नातीनं विचारलं.

गाडीचा वेग कमी झाला. कंडक्टरनं दोरी ओढली. टण.

"सरळगाव! किन्हवलीवाले उतरा!"

गाडी थांबल्यावर तुळसाबाईही थांबली. माणसं उतरताना वाट देण्यासाठी तिनं टोपली मांडीवर घेतली. मी पिशवी उचलली, उभी राहिले. फाट्यावर किन्हवलीची गाडी उभी दिसत होती, तिचं इंजिन चालू होतं. काकांनी माझा पदर धरून मला खाली बसवलं.

कंडक्टर त्यांना ओळखत होता. "काका, तुमची गाडी लागलीय. शेवटची हाय, जाईल बघा."

काकांनी पुढच्या सीटवरची नजर काढली नाही. नुसता हात वर केला.

"डबल मार."